नावाला नाव जुळले म्हणून मत मिळते का? मराठवाड्यातील मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माघारीची मुदत संपून उमेदवारांची अंतिम यादी लागली की पारावर, एसटी स्टँडवर आणि आडत बाजारात नावांची चर्चा सुरू होते. ‘आपल्याच आडनावाचा आहे’ असे कोणी म्हणतो, तर ‘त्याच नावाचा दुसरा कोणी तरी उभा केलाय’ असे दुसरा सांगतो. या दोन वाक्यांतील विषय वरवर एकच वाटला तरी तो एक नाही. मतदाराचे नाव उमेदवाराच्या नावाशी जुळते तेव्हा प्रश्न आपलेपणाचा असतो आणि दोन उमेदवारांची नावे एकमेकांशी जुळतात तेव्हा तो गफलतीचा असतो. पुढील उत्तरांत हे दोन्ही प्रकार शक्यतो वेगळे ठेवले आहेत.

माझे आणि उमेदवाराचे आडनाव एकच आहे. त्यामुळे माझे मत नकळत त्याच्याकडे झुकते का?

थोडे झुकू शकते. मात्र उमेदवाराविषयी दुसरी काहीच माहिती नसेल तेव्हाच. बेल्जियन मानसशास्त्रज्ञ योझेफ न्यूटिन यांनी १९८५ साली दाखवून दिले की, माणसाला स्वतःच्या नावातील अक्षरे इतर अक्षरांपेक्षा अधिक आवडतात आणि ही आवड त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. पुढे काही संशोधकांनी हा धागा फार लांब नेला. माणसे जोडीदार, व्यवसाय आणि राहण्याचे शहरसुद्धा नावाच्या साम्यावरून निवडतात, असे दावे झाले. उरी सायमनसन यांनी २०११ साली या दाव्यांची फेरतपासणी केली, तेव्हा त्यांतील बराचसा परिणाम नावाचा नसून नावामागे दडलेल्या इतर गोष्टींचा, म्हणजे पिढी, प्रदेश आणि समाज यांचा असल्याचे त्यांनी मांडले.

हा आक्षेप मराठवाड्यालाही तंतोतंत लागू पडतो. एखाद्या गावात एकाच आडनावाची दीडशे घरे असतात आणि त्या आडनावाचा उमेदवारही त्याच गावचा असतो. निकालात त्या बूथवर त्याला भरघोस मते पडलेली दिसली की आपण श्रेय आडनावाला देतो. वास्तविक ती मते गावाची असतात, सोयऱ्यांची असतात, त्याने सोसायटीत किंवा पतसंस्थेत केलेल्या कामाची असतात. त्याच आडनावाची घरे शेजारच्या तालुक्यात असतील आणि तेथे त्याला कोणी ओळखत नसेल, तर तेथील आकडे पाहावेत. आडनावाचा खरा प्रभाव केवढा, ते तेथे कळते आणि बहुतेक वेळा तो फार मोठा नसतो.

मग कार्यकर्ते मतदार यादी घेऊन आडनावांची मोजणी का करत बसतात?

कारण मतदार यादीत जात लिहिलेली नसते. तेथे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, लिंग आणि घर क्रमांक एवढेच असते. त्यामुळे यादीतून समाजाचा अंदाज बांधायचा झाला तर हाताशी आडनावाखेरीज दुसरे काही नसते. प्रचार कार्यालयात रात्री उशिरापर्यंत चालणारे हे काम बहुतेकांनी पाहिलेले असेल. एक जण भाग क्रमांक वाचतो, दुसरा आडनावावर रंगीत पेनाने खूण करतो आणि गावचा एखादा जाणता माणूस मध्येच थांबवून म्हणतो, ‘हे चव्हाण तांड्यावरचे, ते गावातले, एकात धरू नका.’

त्या जाणत्या माणसाचे वाक्य महत्त्वाचे आहे. मराठवाड्यात चव्हाण, जाधव आणि पवार ही आडनावे मराठा समाजात आहेत, बंजारा समाजात आहेत आणि आणखीही काही समाजांत आहेत. किनवट-माहूर भागात किंवा जिंतूर-मंठ्याच्या बाजूला गाव आणि तांडा यांच्या याद्या शेजारी ठेवल्या, तर आडनावे सारखीच आणि राजकीय कल अगदी वेगळा असे चित्र सहज दिसते. पाटील आणि देशमुख ही तर मूळची वतनाची नावे. ती मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत, ब्राह्मणांत आहेत आणि मुसलमानांतही आहेत. केवळ आडनावावरून बांधलेला हिशेब मतमोजणीच्या दिवशी कोसळतो, त्याचे एक कारण हे आहे. आमच्या मते आडनाव हे मतदाराचे मत सांगत नाही. ज्याला गाव माहीत आहे त्याला ते फक्त पुढचा प्रश्न सुचवते.

‘आमच्या समाजाचे आडनाव आहे, त्यालाच मत द्या’ असे आवाहन कायद्यात बसते का?

नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समुदाय किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. अभिराम सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने असा निर्णय दिला की, हे बंधन केवळ उमेदवाराच्या जाती-धर्मापुरते नसून मतदाराच्या जाती-धर्माच्या नावाने केलेल्या आवाहनालाही लागू आहे. अर्थात व्यासपीठावरून जे बोलता येत नाही ते बैठकीत बोलले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे.

घराण्याच्या आडनावाचे काय? मुंडे, देशमुख, चव्हाण, क्षीरसागर ही नावे मते खेचतात असे दिसते.

खेचतात, यात शंका नाही. मात्र ती खेच आडनावाच्या अक्षरांत नसून त्या आडनावाशी लोकांच्या मनात जोडल्या गेलेल्या माणसात असते. बीडचे उदाहरण घ्यावे. गोपीनाथ मुंडे यांचे जून २०१४ मध्ये निधन झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या प्रीतम मुंडे जवळपास सात लाख मतांच्या फरकाने निवडून आल्या. देशाच्या निवडणूक इतिहासात इतके मताधिक्य दुर्मीळ आहे. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच मतदारसंघात त्यांच्या थोरल्या भगिनी पंकजा मुंडे उभ्या होत्या. आडनाव तेच, वडील तेच आणि जिल्हाही तोच. तरी बजरंग सोनवणे यांनी त्यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. मधल्या काळात मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने जिल्ह्याची मांडणीच बदलली होती आणि ज्या आडनावामागे २०१४ मध्ये शोकाकुल सहानुभूती उभी होती, त्याच आडनावाभोवती २०२४ मध्ये ध्रुवीकरण झाले.

नांदेडमध्ये वेगळा प्रकार घडला. अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये काँग्रेस सोडून भारतीय जनता पक्षात गेले. लोकसभेला भाजपचे उमेदवार प्रतापराव पाटील चिखलीकर होते आणि काँग्रेसने नायगावचे वसंतराव चव्हाण यांना उभे केले. आडनाव एकच, घराणे मात्र वेगळे. वसंतराव निवडून आले. त्यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये पोटनिवडणूक झाली, तेव्हा त्यांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी कसेबसे जिंकले. नांदेडमध्ये ‘चव्हाण’ हे नाव ऐकून मतदार एका दिशेने जातो असे म्हणावे, तर तो नेमका कोणत्या चव्हाणांच्या मागे गेला, हे आधी विचारावे लागते.

दोन्ही प्रमुख उमेदवार एकाच आडनावाचे असतील तर?

तर आडनाव हिशेबातून वजा होते. परळीत २०१४ साली पंकजा मुंडे यांनी चुलत बंधू धनंजय मुंडे यांना हरवले आणि २०१९ साली धनंजय यांनी पंकजा यांना हरवले. बीड विधानसभेत २०१९ साली संदीप क्षीरसागर यांनी काका जयदत्त क्षीरसागर यांच्यावर १,९८४ मतांनी मात केली आणि २०२४ मध्ये पुन्हा चुलत बंधू योगेश क्षीरसागर यांना पराभूत केले. निलंग्यात २०१४ आणि २०१९ या दोन्ही वेळा संभाजी पाटील निलंगेकर आणि त्यांचे काका अशोक पाटील निलंगेकर समोरासमोर होते. गेवराईत २०२४ साली पंडित विरुद्ध पंडित आणि कन्नडमध्ये जाधव विरुद्ध जाधव अशी लढत झाली.

अशा लढतीत भिंतीवरील घोषणाही बदलतात. आडनावाऐवजी पहिले नाव मोठे लिहिले जाते; ‘अण्णा’, ‘भैय्या’, ‘ताई’, ‘दादा’ ही संबोधने पुढे येतात आणि कार्यकर्ता ‘साहेबांचा खरा वारसदार कोण’ या वादात उतरतो. घराण्याचे नाव दोघांना सारखेच मिळालेले असल्यामुळे त्यावरचा हक्क कोणाचा, हाच प्रचाराचा मुद्दा होऊन बसतो.

उलट उदाहरण धाराशिवचे आहे. तेथे ओमराजे निंबाळकर आणि राणाजगजितसिंह पाटील यांची आडनावे यादीत वेगवेगळी दिसतात, पण दोघे एकाच भावकीतील आहेत. लोकसभेला २०१९ मध्ये ते समोरासमोर आले आणि ओमराजे जिंकले. २०२४ मध्ये राणाजगजितसिंह यांच्या पत्नी अर्चना पाटील उभ्या राहिल्या, तेव्हा ओमराजे तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. आडनाव वेगळे असून भावकी एक असू शकते, तसेच आडनाव एक असून भावकीचा संबंध मुळीच नसू शकतो, हे बाहेरून येणाऱ्या विश्लेषकांच्या लक्षात यायला वेळ लागतो.

लातूर-नांदेडकडे पाटील आडनावाच्या पुढे गावाचे नाव का लावतात?

कारण त्या भागात नुसत्या ‘पाटील’ या नावावरून माणूस ओळखता येत नाही. चाकूरकर, निलंगेकर, कव्हेकर, चिखलीकर, खतगावकर, आष्टीकर ही सर्व गावावरून आलेली ओळख आहे. लातूर लोकसभेत २००४ साली शिवराज पाटील चाकूरकर आणि रूपाताई पाटील निलंगेकर यांच्यात लढत झाली, तेव्हा दोघेही पाटीलच होते. चाकूर आणि निलंगा या दोन गावांनी त्यांना मतदाराच्या मनात वेगळे केले. चाकूरकर त्या वेळी पराभूत झाले. गावाचे नाव लावण्याचा आणखी एक फायदा आहे. त्याच नावाचा दुसरा उमेदवार शोधून आणणे विरोधकाला अवघड जाते. शिवाजी पाटील नावाची माणसे जिल्ह्यात कितीतरी सापडतील, पण शिवाजी पाटील कव्हेकर दुसरा सापडणे कठीण.

एकाच नावाचा डमी उमेदवार उभा केल्याने निकाल खरोखर फिरतो का?

क्वचित फिरतो, फिरतो तेव्हा मात्र कायमची आठवण ठेवून जातो. महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले उदाहरण २०१४ च्या रायगड लोकसभेचे आहे. तेथे शिवसेनेचे अनंत गीते यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मते पडली. केरळमध्ये २००४ साली आलप्पुळा लोकसभेत काँग्रेसचे व्ही. एम. सुधीरन १,००९ मतांनी हरले, तर व्ही. एस. सुधीरन या अपक्षाला आठ हजारांहून अधिक मते मिळाली. केरळच्याच मंजेश्वरम विधानसभेत २०१६ साली भाजपचे के. सुरेंद्रन अवघ्या ८९ मतांनी हरले आणि के. सुंदरा नावाच्या उमेदवाराने ४६७ मते घेतली.

याच्या विरुद्ध बाजूची उदाहरणेही ध्यानात ठेवावीत. छत्तीसगडमधील महासमुंद येथे २०१४ साली भाजपचे चंदूलाल साहू यांच्या विरोधात त्यांच्याच नावाशी मिळत्याजुळत्या नावाचे सुमारे दहा उमेदवार उभे होते, तरी ते अजित जोगी यांच्यावर १,२१७ मतांनी विजयी झाले. बीडच्या आष्टीला लागून असलेल्या कर्जत-जामखेडमध्ये २०२४ च्या विधानसभेत रोहित पवार नावाचे दुसरे उमेदवार होते आणि त्यांना साडेतीन हजारांच्या आसपास मते पडली. प्रमुख उमेदवार रोहित पवार १,२४३ मतांनी निवडून आले खरे, पण रात्री उशिरापर्यंत त्यांच्या कार्यकर्त्यांचा जीव टांगणीला होता.

यातून एक साधी गोष्ट दिसते. नामसाधर्म्याचा उमेदवार सहसा काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत मते घेतो. पन्नास हजारांच्या फरकाने होणाऱ्या लढतीत ती मते कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. लढत दोन-तीन हजारांवर आली की तीच मते निर्णायक ठरतात. म्हणून ‘डमीमुळे हरलो’ या तक्रारीची पहिली परीक्षा मताधिक्याच्या आकड्यावर घ्यावी. फरक मोठा असेल तर पराभवाचे कारण अन्यत्र शोधलेले बरे.

बीडमध्ये २०२४ साली गाजलेला घोळ नावाचा होता की चिन्हाचा?

चिन्हाचा, आणि तो नावाच्या घोळापेक्षा फार मोठा होता. राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले होते. अपक्षांसाठी असलेल्या मुक्त चिन्हांमध्ये ट्रम्पेट हे वाद्य होते आणि मराठी यादीत त्याचेही नाव ‘तुतारी’ असेच छापले गेले. प्रचारात गावोगावी ‘तुतारीला मत द्या’ एवढेच सांगितले गेले होते. परिणामी बीड लोकसभेत ट्रम्पेट चिन्ह असलेल्या, फारशा परिचित नसलेल्या अपक्षाला ५४,८५० मते पडली. विजयी उमेदवाराचे मताधिक्य ६,५५३ होते, हे लक्षात घेतले तर धोका किती जवळून गेला ते कळते. साताऱ्यात तो टळला नाही. तेथे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाने ३७,०६२ मते घेतली.

दिंडोरीत नाव आणि चिन्ह असे दोन्ही एकत्र आले. भास्कर भगरे हे शिक्षक असल्यामुळे ‘भगरे सर’ म्हणून ओळखले जात. त्यांच्यासमोर बाबू भगरे हे अपक्ष ‘सर’ हीच उपाधी आणि ट्रम्पेट हे चिन्ह घेऊन उभे होते. त्यांना एक लाख तीन हजारांहून अधिक मते मिळाली. मूळ उमेदवार एक लाखाहून अधिक फरकाने जिंकले म्हणून ही बाब निभावून गेली. नामसाधर्म्य एकट्याने हजारांत खेळते आणि चिन्हाची साथ मिळाली की लाखाच्या घरात जाते, असे या निकालांवरून म्हणता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने ट्रम्पेट गोठवण्याची मागणी मान्य केली नाही; पक्षाचे चिन्ह यंत्रावर अधिक ठळक छापण्याची मागणी मात्र मान्य केली.

ती मते चुकून पडली की लोकांनी मुद्दाम दिली, हे कसे ओळखायचे?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि उत्तर मात्र कागदावर उपलब्ध असते. प्रत्येक मतदारसंघाचा ‘नमुना २०’ हा अंतिम निकालपत्रक असतो आणि त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली ते दिलेले असते. तो जिल्हा निवडणूक कार्यालयाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतो.

त्यात तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे त्या अपक्षाची मते कोठे आहेत. त्याच्या स्वतःच्या गावात आणि आजूबाजूच्या चार-सहा केंद्रांवर गठ्ठ्याने असतील तर ती त्याची स्वतःची मते आहेत, मग त्याचे नाव काहीही असो. सगळ्या तालुक्यांत, ज्या गावांत त्याचा एक फलकही लागला नव्हता अशा गावांतही प्रत्येक केंद्रावर पाच, आठ, दहा अशी पसरलेली असतील तर गफलतीची शक्यता वाढते. दुसरी म्हणजे मूळ उमेदवाराचा जोर असलेल्या केंद्रांवरच त्या अपक्षाची मते वाढतात का. गफलत झाली असेल तर ती तेथेच व्हायला हवी, कारण चुकणारा मतदारही तेथेच आहे. तिसरी म्हणजे त्याच यादीतील इतर अनोळखी अपक्षांना त्या केंद्रांवर किती मते आहेत. कोणत्याही अपक्षाला थोडीफार मते पडतातच. काही जण रागाने देतात, काही जण गंमत म्हणून देतात. ती वजा केल्यावर जे उरते तेवढेच नावाच्या खात्यावर मांडावे.

हे करायला एक दुपार पुरते. पराभवाची कारणमीमांसा करणाऱ्या बैठकांमध्ये वेळखाऊ भाषणे होतात, त्यापेक्षा हे पत्रक उघडले तर बरेच वाद मिटतील.

गफलत प्रत्यक्ष कशी होते? फोटो असतो, चिन्ह असते, तरी माणूस चुकतो कसा?

बीडमध्ये २०२४ साली ४१ उमेदवार होते. एका मतदान यंत्रावर १६ जागा असतात आणि शेवटची एक जागा ‘नोटा’ला द्यावी लागते, म्हणजे एकूण ४२ जागांसाठी तीन यंत्रे शेजारी मांडावी लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतदार उभा राहतो, समोर तीन पाट्या, प्रत्येकीवर ओळीने नावे, फोटो, चिन्ह आणि निळे बटण. बाहेर रांग, आत पंखा बंद, चष्मा घरी राहिलेला. मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, त्यानंतर नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे आणि शेवटी अपक्ष, असा यादीचा क्रम असतो आणि प्रत्येक गटात तो वर्णानुक्रमाने लावलेला असतो. त्यामुळे प्रमुख पक्षाचा उमेदवार वरच्या भागात असतो आणि त्याच नावाचा अपक्ष पुष्कळ खाली किंवा दुसऱ्या यंत्रावर असतो. मतदाराने वरून खाली वाचत जायचे ठरवले तर चूक होऊ नये. पण ज्याची नजर आधी खालच्या किंवा शेजारच्या यंत्रावर पडते, तो ओळखीचे नाव दिसताच तेथेच थांबतो. पुढचे वाचायची गरज त्याला वाटत नाही.

अमेरिकेत सिंडी कॅम आणि एलिझाबेथ झेकमाइस्टर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका काल्पनिक उमेदवाराच्या नावाच्या पाट्या रस्त्याकडेला लावल्या होत्या. त्या रस्त्याने ये-जा करणाऱ्यांमध्ये त्या न पाहिलेल्या माणसाला पसंती देणारे वाढले. नाव नुसते ओळखीचे वाटणे हेच विश्वासाच्या जागी बसते. डमी उमेदवार नेमका या सवयीवर जगतो.

निवडणूक आयोग यावर काय करतो?

निवडणूक नियम, १९६१ मध्ये तरतूद आहे की, दोन किंवा अधिक उमेदवारांचे नाव एकच असेल तर व्यवसाय, राहण्याचे ठिकाण किंवा अन्य प्रकारे त्यांच्यात फरक दाखवावा. १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापणे सुरू झाले. त्यामागील एक कारण नामसाधर्म्य हेच होते. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने छायाचित्र रंगीत छापण्याचा आणि त्यातील तीन चतुर्थांश जागा चेहऱ्याला देण्याचा निर्णय जाहीर केला आणि बिहार विधानसभेपासून त्याची सुरुवात झाली. कृष्णधवल, टिकलीएवढ्या फोटोत सगळेच पुढारी सारखे दिसतात ही तक्रार जुनी होती, त्यामुळे हा बदल उशिरा का होईना पण योग्य आहे.

उमेदवाराला टोपणनाव छापून घेता येते का?

होय. लोकांत ज्या नावाने तो ओळखला जातो ते नाव त्याने अंतिम यादी तयार होण्यापूर्वी लेखी कळवायचे असते. वर दिंडोरीच्या उदाहरणात दिसले, त्याप्रमाणे ही सोय दोन्ही बाजूंनी वापरली जाते.

अशा उमेदवाराला उभे राहण्यापासून रोखता का येत नाही?

कारण नाव हा गुन्हा नाही. नामसाधर्म्याच्या उमेदवारांवर बंधन घालावे अशी जनहित याचिका मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आली. न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने ती ऐकण्यास नकार देताना विचारले की, आईवडिलांनी ठेवलेल्या नावामुळे कोणाचा निवडणूक लढवण्याचा हक्क कसा काढून घेता येईल. याचिका मागे घेण्यात आली. आम्हाला हा निर्णय योग्य वाटतो. जाधव किंवा शिंदे आडनावाच्या गरीब माणसाने अर्ज भरला की त्याला आधी स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करायला लावणे हे डमी उमेदवारापेक्षाही वाईट होईल.

कायद्याचा खरा आधार पैशाच्या व्यवहारात आहे. एखाद्याने उभे राहावे किंवा माघार घ्यावी म्हणून त्याला लाच देणे हा कलम १२३(१) खाली भ्रष्ट आचार आहे. तो सिद्ध करणे कठीण असते. तरी शंका असेल तर पुढील प्रश्न विचारता येतात. अपक्षाला मतदारसंघातील दहा सूचक लागतात; ते कोण आहेत? अनामत रक्कम लोकसभेला २५ हजार आणि विधानसभेला १० हजार रुपये असते, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना निम्मी. ती कोणी भरली? प्रचाराचा खर्च दाखवला आहे का? घरी पत्र्याचे छप्पर असलेला माणूस अनामत जप्त होणार हे ठाऊक असूनही अर्ज भरतो आणि निकालापर्यंत गावात एक सभाही घेत नाही, तेव्हा लोकांनी जे समजायचे ते समजलेले असते.

ग्रामपंचायतीत नावाचा घोळ अधिक होतो की कमी?

कमी. गावात उमेदवाराचा वाडा, बैलजोडी आणि त्याने कोणाची पाण्याची पाळी चुकवली हे सगळ्यांना ठाऊक असते. तेथे फसवायला अनोळखी मतदार सापडत नाही. अडचण निराळी आहे. ग्रामपंचायत निवडणुकीत पक्षाचे चिन्ह नसते, मुक्त चिन्हे असतात आणि एकाच प्रभागात एकाच आडनावाचे तीन-चार उमेदवार सहज असतात. त्यामुळे मतदाराच्या हाती आडनावाचा काही उपयोग राहत नाही. वडिलांचे नाव आणि पॅनलचे चिन्ह यांवर सर्व भिस्त असते. शिवाय येथील निकाल दोन-चार मतांवरही लागतात आणि समान मते पडली तर चिठ्ठी काढून ठरतात. सरपंचाची थेट निवड २०१७ साली आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. थेट निवडीत संपूर्ण गावाला एकच नाव निवडायचे असल्यामुळे मोठ्या भावकीचे वजन वाढते आणि तीच भावकी फुटली तर लहान भावकीचा माणूस निवडून येतो, असाही अनुभव आहे.

स्त्री उमेदवाराने माहेर आणि सासर अशी दोन्ही आडनावे लावल्याने फायदा होतो का?

माहेरच्या घराण्याचे राजकारण त्याच मतदारसंघात असेल तर होतो. जिंतूरच्या मेघना साकोरे-बोर्डीकर यांच्या नावातील दुसरा भाग त्यांचे वडील रामप्रसाद बोर्डीकर यांची ओळख घेऊन येतो. तेथील मतदाराला सासरच्या आडनावापेक्षा तो भाग अधिक बोलका वाटणे स्वाभाविक आहे. आरक्षित प्रभागात मात्र अनेकदा पत्रकावर स्त्रीचे नाव लहान आणि पतीचे मोठे असते. यंत्रावर पतीचा फोटो नसतो, त्यामुळे प्रचारात पतीचा चेहरा लक्षात ठेवलेला मतदार आत गेल्यावर गोंधळतो. हाही नावाच्याच घोळाचा प्रकार आहे आणि त्याला बाहेरचा कोणी जबाबदार नसतो.

मतदान केंद्रावर माझी स्वतःची चूक होऊ नये म्हणून काय करावे?

घरून निघतानाच उमेदवाराचा अनुक्रमांक, त्याचे पूर्ण नाव आणि चिन्ह या तीनही गोष्टी मनात ठेवाव्यात. नुसते नाव किंवा नुसते चिन्ह पुरत नाही. अनुक्रमांक १६ च्या पुढचा असेल तर तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या यंत्रावर असणार. आडोशामागे गेल्यावर घाई करू नये. रांगेतील माणसे कुरकुर करतील, पण तो वेळ मतदाराच्या हक्काचा आहे. यंत्र कसे वापरायचे हे मतदान अधिकाऱ्याला आधी विचारता येते, मात्र कोणत्या उमेदवाराचे बटण कोठे आहे हे तो दाखवू शकत नाही. बटण दाबल्यावर शेजारचा लाल दिवा लागतो आणि व्हीव्हीपॅटच्या काचेत अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती वाचावी. दाबलेले बटण एका उमेदवाराचे आणि चिठ्ठी दुसऱ्याची असेल तर केंद्राध्यक्षाकडे लेखी तक्रार करता येते. ती खोटी ठरली तर कारवाई होते, हेही ध्यानात ठेवावे. मात्र यंत्र बरोबर असून बटणच चुकीच्या भगऱ्यांचे किंवा पवारांचे दाबले गेले असेल, तर लांब बीप वाजल्यानंतर ते मत बदलून मिळत नाही.